डबा खराब नसतो, लेप ओला असतो

गोडादरा, लिंबायत, डिंडोली या सुरतेच्या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांची चूल कापडाच्या धंद्यावर पेटते. गणपतीच्या तोंडावर मंडळांच्या टी-शर्टची घाई सुरू होते. नेमक्या त्याच पावसाळी दिवसांत छपाईची जाळीदार स्क्रीन धुताना डिझाइनसकट सगळा लेप वाहून जातो आणि खापर त्या लेपाच्या, म्हणजे इमल्शनच्या, डब्यावर फुटतं.

मुदतीतलं, नीट मिसळलेलं इमल्शन सहसा असं दगा देत नाही. सेन्सिटायझर मिसळलेल्या इमल्शनवर अतिनील प्रकाश पडला की ते घट्ट होतं आणि पाण्यात विरघळेनासं होतं. डिझाइनच्या फिल्मवरच्या काळ्या भागाखाली प्रकाश पोचत नाही, तिथलं इमल्शन कच्चं राहून धुताना निघून जातं आणि तेवढ्याच जाळीतून रंग उतरतो. लेपात ओल असेल तर हे घट्ट होणं अर्धवट राहतं. हाताला कोरडा लागणारा लेप आतून ओला असू शकतो, आणि सुरतेच्या पावसाळी हवेत नुसत्या पंख्याने ती ओल जात नाही. फ्रेम अंधाऱ्या बंद कपाटात, छपाईची बाजू खाली करून आडवी ठेवावी. आत डीह्युमिडिफायर किंवा कोमट हवा असावी, पण उष्णता ४० अंशांच्या आत. फार तापवलं तर लेप उष्णतेनेच घट्ट होऊ लागतो आणि मग डिझाइन उघडत नाही.

‘उजेड जास्त दिला की स्टेन्सिल पक्की’ हेही अर्धंच खरं. पांढऱ्या जाळीत प्रकाश पसरतो, फिल्मच्या काळ्या कडेखाली शिरतो आणि बारीक रेषा बुजवतो. कमी दिला तर स्क्वीजीच्या (रंग ओढायच्या पट्टीच्या) बाजूचं इमल्शन कच्चं राहतं, कारण प्रकाश येतो छपाईच्या बाजूने. धुताना आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर वेळ कमी पडलाय. योग्य वेळ शेजारच्या गाळ्यातून उसनी मिळत नाही. जाळी, लेपाची जाडी, दिवा बदलला की ती बदलते. एकाच स्क्रीनवर काळा कागद थोडाथोडा सरकवत २, ४, ६, ८, १० मिनिटांच्या पट्ट्या घ्या आणि धुऊन बघा. जिथे बुळबुळ संपते आणि बारीक रेषाही उघडी राहते, ती तुमची वेळ. एकच दिवा वापरत असाल आणि त्याचं अंतर दुप्पट केलंत, तर वेळ साधारण चौपट लागेल.

फिल्म उलटी छापावी लागते, असं नव्याने शिकणाऱ्यांना हमखास वाटतं. तशी गरज नाही. फिल्म सरळ छापा, शाईची बाजू वर करून काचेवर ठेवा, म्हणजे अक्षरं तुम्हाला सरळ वाचता येतील. तिच्यावर स्क्रीनची छपाईची बाजू टेका. शाई इमल्शनला चिकटून राहिली तरच कडा धारदार येते. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने ट्रेसिंग पेपर आकसतो, म्हणून तीन-चार रंगांच्या कामात त्यावर विसंबू नये. रंग एकमेकांवर बसत नाहीत. काळं पुरेसं काळं आहे का, हे फिल्म दिव्यासमोर धरून बघावं.

लेप द्यायला काळोख लागतो, हाही गैरसमज; पिवळा दिवा पुरतो.

सगळ्यात घातक समज सेन्सिटायझर म्हणून वापरल्या जाणाऱ्या बायक्रोमेटबद्दलचा आहे: ‘वर्षानुवर्षं वापरतोय, काही होत नाही.’ क्रोमियमच्या अशा क्षाराने माखलेला कागद प्रकाशाने पालटतो, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटनने १८३९ मध्ये दाखवलं; स्वस्त म्हणून हे रसायन अजूनही टिकून आहे. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि त्वचेवर जखमा करतं. शिवाय बायक्रोमेटचा लेप अंधारातही हळूहळू घट्ट होत जातो, म्हणून त्याच दिवशी वापरावा लागतो. डायझो सेन्सिटायझरचा लेप अंधारात, कोरड्या जागी बरेच दिवस टिकतो. थोडे पैसे जास्त पडले तरी डायझो किंवा फोटोपॉलिमर इमल्शन घ्या. बायक्रोमेट वापरतच असाल, तर हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका, उरलेलं गटारात ओतू नका, आणि घरातल्या पोरांना स्क्रीन धुवायला बसवू नका.