परिचर्या शिक्षणाची पूर्वतयारी आणि अकरावीतील विज्ञान विषयांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
दहावीच्या निकालानंतर अवघ्या काही आठवड्यांत विद्यार्थ्याला शाखा व विषय निश्चित करावे लागतात. अभियांत्रिकी व वैद्यकीय अभ्यासक्रमांविषयी या काळात भरपूर मार्गदर्शन मिळते. परिचर्येविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. प्रवेश समितीवर काम करताना प्रस्तुत लेखिकेस एका विद्यार्थिनीचे उदाहरण जवळून पाहावयास मिळाले. बारावी विज्ञान शाखेत तिला उत्तम गुण होते. परंतु द्विलक्षी अभ्यासक्रमातील इलेक्ट्रॉनिक्स घेताना तिने जीवशास्त्र सोडले होते. परिणामी बी.एस्सी. नर्सिंगसाठी ती अपात्र ठरली. ही चूक तिची एकटीची नव्हती, अर्ज भरून घेणाऱ्यांचीही होती. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील विषयनिवडीचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१) परिचर्या अभ्यासक्रमांची शैक्षणिक पात्रता स्पष्ट करणे.
२) विज्ञान विषयांचा परिचर्येशी असलेला संबंध उलगडणे.
३) कनिष्ठ महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका मांडणे.

पात्रतेचे स्वरूप :
चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे चारही विषय अनिवार्य असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांत एकत्रित ४५ टक्के गुण आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट शिथिल आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात प्रवेश परीक्षेची रचनाही दिली आहे. त्यात हे चार विषय व परिचर्या अभिक्षमता यांना प्रत्येकी २० गुण आहेत. याउलट जी.एन.एम. या तीन वर्षांच्या पदविकेस इंग्रजीसह कोणत्याही शाखेची बारावी, ४० टक्के गुणांसह, चालते. विज्ञान शाखेस केवळ प्राधान्य आहे. जी.एन.एम. नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येते. म्हणजे जीवशास्त्र सुटल्याने परिचर्येची वाट कायमची बंद होत नाही, परंतु पदवीपर्यंतचा प्रवास एक वर्षाने लांबतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबातील मुलीच्या दृष्टीने हे एक वर्षही निर्णायक ठरू शकते.

विषय आणि व्यवसाय यांचा अनुबंध :
पदवीच्या पहिल्या सत्रातच उपयोजित शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र शिकावे लागते. दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्र व पोषणशास्त्र, तर तिसऱ्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र व विकृतिशास्त्र येते. या सर्वांचा पाया अकरावी-बारावीत घातला जातो.

जीवशास्त्रातील श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन व नियंत्रण ही प्रकरणे थेट रुग्णशय्येपर्यंत पोहोचतात. रसायनशास्त्राचे महत्त्व मात्र विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येत नाही. सलाईनमध्ये मिठाचे प्रमाण ०.९ टक्के, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम, का असते? शुद्ध पाणी शिरेतून दिल्यास परासरणामुळे ते तांबड्या रक्तपेशींत शिरते व त्या फुटतात, हे त्याचे उत्तर. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या मर्यादेत कसा टिकतो, हे समजण्यास बफर द्रावणाची संकल्पना लागते. सलाईनची बाटली उंच टांगण्यामागे व रक्तदाबमापकाच्या वापरामागे भौतिकशास्त्रातील दाबाचे तत्त्व आहे.

गणित अनिवार्य नाही. तथापि गुणोत्तर, प्रमाण व एककांचे रूपांतर अवगत असणे अपरिहार्य आहे. ५०० मिलिलिटर द्रव चार तासांत द्यावयाचा असून संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब सोडावे लागतात. हे गणित दहावीच्या पातळीचे आहे, पण त्यातील चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्यांनी अंकगणिताचा सराव सोडू नये.

बारावीच्या या तीनही विज्ञान विषयांत प्रात्यक्षिकास ३० गुण असतात. अनेक ठिकाणी प्रात्यक्षिकवही परस्परांची पाहून उतरवली जाते. स्वतः पाहिलेले, पाहिले तेव्हाच व पाहिले तसेच नोंदविणे ही परिचर्येतील मूलभूत शिस्त आहे, आणि ती येथेच अंगी बाणावी लागते.

निष्कर्ष व सूचना :
१) परिचर्येचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हा गट घ्यावा, गणित झेपत असल्यास जोडीला ठेवावे, मात्र जीवशास्त्राच्या बदल्यात घेऊ नये.
२) इंग्रजीत उत्तीर्ण होणे पात्रतेसाठी अनिवार्य असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी अकरावीपासूनच साहाय्यक तासिका घ्याव्यात.
३) जीवशास्त्र सोडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास कोणते अभ्यासक्रम बंद होतात, याची लेखी माहिती प्रवेशाच्या वेळीच द्यावी.
४) परिचर्या मुलांसाठीही खुली आहे, हे समुपदेशनात आवर्जून सांगावे.
५) नियम बदलत असल्याने त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहूनच सल्ला द्यावा.

दहावी उत्तीर्ण झालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने अर्जावर केलेली एक खूण तिची पुढील अनेक वर्षे ठरविते. त्या वेळी तिच्यासमोर बसलेल्या अध्यापकाला ही माहिती असणे, ही किमान अपेक्षा होय.