बंदुका बाहेरच्या, मरणारे घरचे!

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा अंगोला हा तेलाने आणि हिऱ्यांनी समृद्ध देश. पण जगाला तो ठाऊक झाला तो कुबड्यांवर चालणाऱ्या माणसांमुळे! शेतात कंद खणायला, नदीवर पाणी भरायला गेलेल्या बायामुलांच्या पायाखाली सुरुंग फुटले. १९७५ ते २००२ अशी सत्तावीस वर्षे तेथे भावाने भावाचे रक्त सांडले. हे का घडले?

याचे मूळ पोर्तुगीज राजवटीत आहे. याच राजवटीतून गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि त्याच वर्षी अंगोलात सशस्त्र लढा पेटला. पोर्तुगीजांनी तेथे कायद्यानेच माणसांच्या दोन पायऱ्या केल्या होत्या. 'सुसंस्कृत' ठरलेल्यांना नागरिकत्व. बाकीच्यांच्या वाट्याला कॉफीच्या मळ्यांवरची सक्तीची मजुरी. १९५० साली 'सुसंस्कृत' ठरलेले आफ्रिकी लोक शेकडा एकही नव्हते! शाळा नाही, मत नाही, एकत्र बसून कारभार करण्याची सवय नाही.

अशा समाजात स्वातंत्र्याची चळवळही एक राहिली नाही. डॉ. आगोस्तिन्यो नेतो यांची एम.पी.एल.ए., होल्डन रॉबर्टो यांची एफ.एन.एल.ए. आणि जोनास साविंबी यांची युनिटा. तिघांचे प्रदेश वेगळे, जमाती वेगळ्या. जानेवारी १९७५ मध्ये संयुक्त सरकारचा करार झाला, पण तो महिन्यांतच मोडला. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी पोर्तुगीज निघून गेले, तेही सत्ता कोणत्याही पक्षाच्या हाती न सोपवता.

घरात भांडण दिसताच शेजारी आत शिरले. एम.पी.एल.ए.च्या मागे रशिया आणि क्युबाचे सैन्य. युनिटाच्या मागे अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेचे वर्णद्वेषी सरकार. काळ्यांना माणूस न मानणारे सरकार काळ्यांच्याच एका पक्षाला बंदुका पुरवीत होते! तत्त्वाची भाषा किती पोकळ होती पाहा. कबिंडात अमेरिकन कंपनी तेल काढी, त्या तेलाच्या पैशावर एम.पी.एल.ए.चे सरकार चाले आणि त्या तेलविहिरींचे रक्षण क्युबाचे सैनिक करीत!

१९८८ च्या करारानंतर परकीय फौजा परतल्या. नामिबियाही १९९० साली स्वतंत्र झाला. पण युद्ध थांबले नाही. १९९२ च्या निवडणुकीचा निकाल साविंबींनी नाकारला. आता सरकारकडे तेल होते, युनिटाकडे हिरे. दोघांनाही शस्त्रे विकत मिळत होती. फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले गेले आणि एप्रिलमध्ये शस्त्रसंधी झाली. तोवर सुमारे पाच लाख माणसे मेली होती, चाळीस लाख बेघर झाली होती. सुरुंग काढण्याचे काम आजही संपलेले नाही.

वाचकहो, दोष केवळ परकीयांवर टाकून भागणार नाही. त्यांनी आग भडकवली, पण सुकलेले गवत आधीच पसरलेले होते. माणसामाणसांत पायऱ्या पाडणारी सत्ता निघून जाते. पायऱ्या मात्र मागे उरतात. त्या मोडल्या नाहीत, तर स्वातंत्र्यही दुसऱ्यांच्या बाजारात विकायला निघते. आणि त्याची किंमत मोजते ती नदीवरून हंडा घेऊन परतणारी माउली!