घसा दुखला की अझिथ्रोमायसिन? ‘तीन दिवसांची गोळी’ घेण्याआधी हे वाचा

घसा खवखवला, अंग तापलं की अनेक जण थेट मेडिकलमध्ये जाऊन ‘ती तीन दिवसांची गोळी द्या’ असं सांगतात. ती गोळी बहुतेकदा अझिथ्रोमायसिन ५०० असते. मात्र हे अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. सर्दी, फ्लू, डेंग्यू आणि बहुतांश घसादुखी विषाणूंमुळे होते. तिथे या गोळीचा उपयोग नाही.

गोळी काम कशी करते?
जिवाणूंना वाढण्यासाठी प्रथिनं लागतात. हे औषध ती तयार होऊ देत नाही. गोळ्या संपल्यावरही ते पेशींमध्ये काही दिवस टिकतं, म्हणून कोर्स छोटा असतो.

कधी देतात?
न्यूमोनिया, टायफॉइड, स्क्रब टायफस. तसंच पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना घशाच्या जिवाणूसंसर्गात. डोस आजार आणि वजनानुसार बदलतो. त्यामुळे घरात उरलेली गोळी घेऊ नका.

ही काळजी घ्या
• हृदयाचे ठोके अनियमित असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. याबाबत अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये इशारा दिला होता.
• यकृताचा आजार किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास तेही सांगा.
• ॲसिडिटीचं पातळ औषध सोबत घेऊ नका. गोळीचं शोषण कमी होऊ शकतं.
• अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज, धाप, छातीत धडधड किंवा रक्तासह जुलाब झाल्यास लगेच डॉक्टर गाठा.

मग काढा चालेल का?
साध्या घसादुखीत मिठाच्या गुळण्या, आलं-तुळशीचा काढा, हळदीचं दूध यांनी आराम पडतो. मधाने खोकला कमी होतो. पण एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. ज्येष्ठमध मात्र जपून घ्या. जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं आणि अझिथ्रोमायसिनसोबत हृदयाचा धोका वाढू शकतो. न्यूमोनिया किंवा टायफॉइडला काढा हा पर्याय नाही.

गरज नसताना घेतली तर?
जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने अझिथ्रोमायसिन ‘वॉच’, म्हणजे जपून वापरण्याच्या गटात ठेवलं आहे. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नका.

तीन दिवसांत ताप उतरला नाही, गिळता येत नसेल किंवा दम लागत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका.