सावधान, विश्राम आणि घोडा

आपल्या महापे एमआयडीसीत कुठल्याही कंपनीचं फाटक पाहा. ताठ पाठीचा, फिरत्या नजरेचा एखादा रक्षक दिसेल. बहुधा माजी सैनिक. शिपाई चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. नोकरी सुटते, पण काहींच्या अंगातलं 'सावधान' सुटत नाही. फटाका वाजला की छातीत धस्स होतं, घरात बोलणं तुटक होतं. मग प्रश्न असा, की शरीराला 'विश्राम'चा हुकूम द्यायचा कुणी?

एक उत्तर घोड्याकडे आहे. या उपचारात पुष्कळदा घोड्यावर बसायचंही नसतं. खरारा करायचा, दोरी धरून त्याला चालवायचं. घोडा हे कळपात राहणारं, शिकार होणारं जनावर. सावधपणा त्याच्या रक्तातच. माणसाचा ताठरलेला खांदा, आवळलेला श्वास त्याला जाणवतो नि तो मागं सरतो. सुभेदार असो की शिपाई, हुद्दा त्याला कळत नाही. माणूस सैलावला की तो जवळ येतो. आणि धोका टळला की मान खाली घालून चरू लागतो. जागं राहूनही निवांत होता येतं, हे तो करून दाखवतो.

सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन स्वतः लढवय्या. अश्वविद्येवरच्या ग्रंथात तो बजावतो, की रागाच्या भरात घोड्याशी वागू नका. म्हणजे घोडा हाताळण्याआधी स्वतःला हाताळायचं!

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात माजी सैनिकांवर ८ आठवड्यांचा असा प्रयोग झाला, त्रास कमी झालेला दिसला. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा औषध नि समुपदेशन सोडून घोड्यामागं धावू नका. ही जोड आहे.

आपल्याकडे वाट वेगळी, तत्त्व तेच. खडकीत जायबंदी सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ पासूनची. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, उपचारात पोहू लागले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. कुणाला घोडा, कुणाला पाणी, कुणाला लेथ. नुसत्या उपदेशानं शरीर ऐकत नाही, कृतीनं ऐकतं.

घोडा देतो ती मुख्य गोष्ट म्हणजे हुद्दा न विचारणारी सोबत. ती आपणही देऊ शकतो. उद्या फाटकावर नुसता सलाम घेऊन आत जाऊ नका. दोन मिनिटं थांबा, गाव विचारा.