नवी संगणक प्रणाली आणि आपली ऊस नोंद



येत्या गाळप हंगामापासून आपल्या शेतकी खात्याची ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम आणि उताऱ्याचा हिशेब नव्या संगणक प्रणालीवर जात आहे. "साहेब, संगणक तुमच्या हापिसात बदलला, आमच्या रानात काय बदललं?" असे गट कार्यालयात बऱ्याच जणांनी आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आपली जुनी प्रणाली फॉक्सप्रोवर चालत असे. त्या काळी बऱ्याच कचेऱ्यांतून हेच चालत होते. तिने आपले काम इमानाने केले. परंतु फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती सन २००४ मध्ये निघाली आणि सन २०१५ च्या जानेवारीत कंपनीने त्याची देखभालही थांबविली. जुन्या इंजिनाचा सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला की इंजिन कितीही चांगले असले तरी बदलावे लागते, तसेच हे आहे.

नव्या प्रणालीचा उपयोग नुसत्या नोंदी साठविण्यापुरता नाही. कोणत्या गटात कोणत्या जातीचा किती ऊस उभा आहे, त्याचे वय काय, ब्रिक्स किती आला, टोळ्या कोठे आहेत, काट्यावर काल किती वजन आले, हे सर्व एकत्र जुळवून ती रोजच्या रोज दाखविते. पूर्वी हा ताळा आम्ही पंधरवड्याने घालत असू. तोवर कुणाच्या उसाला तुरा येऊन जाई, तर कुणाचा कोवळा ऊस गव्हाणीत पडे. याचा फटका एकट्याला बसत नाही. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरविला आणि त्यापुढील दर ०.१ टक्का उताऱ्यास ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा सर्वांचा मिळून निघतो, त्यामुळे चुकीच्या पाळीने तुटलेला ऊस सर्वांच्याच खिशाला लागतो.

पण एक गोष्ट आपल्याला सांगायला नको. रान नवे घेतले, नांगरट केली, खत टाकले, आणि बेणे मात्र गवताळ वाढीच्या प्लॉटमधले आणले, तर काय होते? रोग नव्या रानात येतो. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेताना हाच धोका असतो. म्हणून आम्ही दोन्ही प्रणाली काही दिवस शेजारी-शेजारी चालवून पाहिल्या. त्यात जे निदर्शनास आले ते आपल्यापासून लपवून ठेवण्याचे कारण नाही.

पहिली गोष्ट क्षेत्राची. दोन्हीकडे नोंदींची संख्या बरोबर जुळली, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो होतो. परंतु एका गटाचे क्षेत्र नव्या प्रणालीत कमी भरले. शोध घेता कळले, की जुन्या काही नोंदी एकर-गुंठ्यांत होत्या. कारकुनाने १ एकर २० गुंठे हे '१.२०' असे लिहिलेले. आपण ते दीड एकर वाचतो. यंत्राने ते १.२ एकर, म्हणजे ४८ गुंठे वाचले. १२ गुंठे गेले कुठे? एकरी ४० टन धरला तरी तो १२ टन ऊस झाला. उलट १ एकर ५ गुंठे हे '१.५' लिहिलेले असेल तेथे क्षेत्र १५ गुंठ्यांनी फुगले. हेक्टर-आरमध्ये हा घोळ होत नाही, कारण १०० आरचा एक हेक्टर. गुंठे मात्र ४० झाले की एकर पुरा होतो.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ती जास्त घातक. आपण आधी दिवस आणि मग महिना लिहितो. काही संगणक आधी महिना धरतात. १० जुलैची आडसाली लागण '१०/०७' अशी नोंदलेली होती. ती नव्या प्रणालीने ७ ऑक्टोबर वाचली. आडसाली ऊस कागदावर पूर्वहंगामी झाला आणि त्याची पाळी जवळजवळ तीन महिने मागे गेली! ज्यांची लागण २५ जुलैची त्यांची तर तारीखच कोरी आली, कारण पंचविसावा महिना नसतो. कोरी जागा निदान डोळ्यांत भरते. चुकीची तारीख मात्र खऱ्यासारखीच दिसते.

असा एक वयस्क सभासद आमच्याकडे आला. जुनी पावती टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, ह्यावर माझी लागण जुलैची हाय. मशीन म्हणतंय ऑक्टोबर. ऊस कुणाचं ऐकणार?" आम्ही म्हणालो, "आबा, ऊस तुमचंच ऐकणार." पावती जपून ठेवली म्हणून त्याची पाळी वाचली. आम्ही मग त्या गटातील सगळ्या तारखा शाईच्या वहीशी पडताळून घेतल्या. यात दोष यंत्राचा नाही. तारीख आकड्यांत घाईने टाकणारे आम्हीच होतो.

तिसरी गोष्ट नावांची. जुने मराठी टंक इंग्रजी अक्षरांच्या आधाराने चालत. तो टंक नसेल तर नावाच्या जागी नुसती चिन्हे दिसतात. आता सर्व नावे युनिकोडमध्ये घेतली आहेत. पण एकच सभासद एका नोंदीत दत्तात्रय, दुसरीत दत्तात्रेय आणि तिसरीत दत्तू असेल, तर यंत्र त्याला तीन माणसे समजते.

अशा चुका फक्त आपल्याकडेच होतात असे कुणी समजू नये. सन २०२० च्या करोना साथीत इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले. कारण काय, तर माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमधून पुढे जात होती. त्या फाइलच्या एका पानात ६५,५३६ ओळी मावतात. त्यापुढची माहिती सांडून गेली. त्या रुग्णांच्या सहवासात आलेल्या माणसांना वेळेवर सावध करता आले नाही. पोते भरले की वरचे धान्य खाली पडते आणि मोजणारा मात्र पोतेच मोजतो, तसा हा प्रकार झाला.

म्हणून शेतकी खात्याने असे ठरविले आहे. संपूर्ण हंगामभर जुनी प्रणाली ताळ्यासाठी चालू राहील आणि शाईच्या नोंदवह्या गट कार्यालयात हाताशी राहतील. तारखेचा महिना यापुढे अक्षरी लिहिला जाईल. क्षेत्र फक्त हेक्टर-आरमध्ये धरले जाईल. नोंदींच्या संख्येबरोबर प्रत्येक गटाचे एकूण क्षेत्रही जुळल्याशिवाय त्या गटाचा तोडणी प्रोग्राम लागणार नाही.

आता आपले काम. चिटबॉय घरोघर नव्या नोंदीची पावती देत आहेत. ती देवळीत खोचून ठेवू नका. त्यावर पाच गोष्टी वाचा: आपले पूर्ण नाव, जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, आणि लागण की खोडवा हे तारखेसह. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकरांकडून वाचून घ्या. फरक दिसला तर जुनी पावती व सातबारा घेऊन पंधरा दिवसांत गट कार्यालयात या. कुणी "नंतर बघू" म्हणून परत पाठविले तर सरळ आमच्याकडे या. ज्यांची जुनी पावती हरवली त्यांनीही यावे, वहीत नोंद सापडेल.

संगणक वेगाने हिशेब करतो, पण लागण कोणत्या दिवशी झाली हे त्याने पाहिलेले नसते. ते सरीत कांडी दाबणाऱ्याला ठाऊक असते. बेणे लावण्याआधी आपण एकेक डोळा पारखून घेतो, तेवढ्याच काळजीने ही एक पावती पारखून घ्यावी, ही विनंती.