पगार शून्य, मुक्काम ५० वर्षं!

गाणी लावायची, त्यांच्या गोष्टी सांगायच्या आणि मानधन घ्यायचं नाही. न्यूयॉर्कचा फिल शॅप कॉलेजच्या रेडिओवर आयुष्यभर हेच करत राहिला. का?

आज सकाळी कानात इअरफोन घालून तुम्ही जे गाणं ऐकलंत, ते कोणी गायलं हे तुम्हाला नक्की माहीत असणार. संगीतकारही माहीत असेल. पण त्यात मधेच जो सॅक्सोफोन वाजतो, तो कोणी वाजवला? कधी, कुठल्या स्टुडिओत? ‘एवढं कोणाला पडलंय?’ असं म्हणत असाल, तर फिल शॅपची ही गोष्ट वाचाच. त्याला पडलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर नावाचं रेडिओ स्टेशन आहे. ते विद्यार्थी चालवतात. जाहिराती नाहीत, त्यामुळे पैसाही नाही. १९७० मध्ये तिथे शिकणारा १८ वर्षांचा फिल पहिल्यांदा माइकसमोर बसला. डिग्री झाली, सोबतचे सगळे नोकरीधंद्याला लागले. फिल मात्र स्टेशन सोडून गेलाच नाही. २०२१ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी तो गेला, तोवर हे नातं टिकलं. सगळं व्हॉलंटिअर म्हणून!

त्याचं खूळ होतं जॅझ. एकेकाळी अमेरिका ज्यावर नाचायची ते संगीत. त्यातही चार्ली पार्कर, टोपणनाव ‘बर्ड’. हा सॅक्सोफोनवादक १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी वारला. म्हणजे रेकॉर्डिंग्ज किती, तर मोजकी. पण १९८१ पासून सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८.२० ला फिल ‘बर्ड फ्लाइट’ हा कार्यक्रम करायचा. फक्त पार्करवर. जवळपास ४० वर्षं!

गाणं तीन मिनिटांचं आणि त्यावर फिलचं बोलणं कधी कधी वीस मिनिटांचं. वाजवणारे कोण होते, तारीख कुठली, रेकॉर्डच्या कव्हरवर छापलेली माहिती कशी चूक आहे, सगळं पाल्हाळ. वैतागणारे श्रोतेही होतेच, ‘अरे बाबा, आता गाणं लाव!’ म्हणणारे. पण यातूनच अनेकांना कळलं, की गाण्यामागे माणसं असतात आणि त्यांची नावं विसरून चालत नाही.

ऐकून शिकलेला

फिलला हे कुठून मिळालं? तो क्वीन्स भागात वाढला. तिथे बरेच जॅझ कलाकार राहायचे. वडील जॅझचे अभ्यासक, आई लायब्ररियन. काउंट बेसीच्या बँडमधला नामांकित ड्रमर जो जोन्स लहानग्या फिलला सांभाळायला यायचा आणि रेकॉर्ड लावून समजावून सांगायचा. विचार करा, कसली भारी शिकवणी! पुढे फिलनंही तेच केलं. थकलेल्या, विस्मरणात गेलेल्या कलाकारांना गाठलं, बोलतं केलं, रेकॉर्ड केलं. ती माणसं आज नाहीत. त्यांचे आवाज उरलेत.

फुकट की मोकळं?

आता तुमच्या मनातला प्रश्न. ५० वर्षं फुकट? आपल्यापैकी अनेकांना ‘पॅशन आहे ना, मग पैसे कशाला?’ असं ऐकवून राबवून घेतलं जातं. ते चूकच. फिलची गोष्ट त्याच्या समर्थनासाठी वापरू नका. कारण इथे त्याच्या जिवावर कोणी कमावत नव्हतं. पोटापाण्यासाठी तो क्लबमध्ये कार्यक्रम ठरवायचा, जुन्या रेकॉर्डिंग्जची डागडुजी करायचा, ज्युलियर्ड, प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी शिकवायचा. रेडिओवर पगार नव्हता, म्हणून ‘बडबड आवर, हिट गाणी लाव’ असं सांगणारा बॉसही नव्हता. आणि गंमत म्हणजे बाकीची कामं मिळाली, ती याच ‘बिनकामाच्या’ अभ्यासामुळे. जुनं संगीत नव्यानं बाजारात आणण्याच्या कामासाठी त्याला ग्रॅमी मिळाले. २०२१ मध्ये अमेरिकेचा ‘जॅझ मास्टर’ हा सन्मानही.

आपल्याकडे काय?

जॅझ आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही बरं का. ‘अलबेला’ची गाणी आठवतात? १९५१ चा सिनेमा, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं. त्यात ट्रम्पेट वाजवणारे गोव्याचे चिक चॉकलेट मुंबईतल्या जॅझचे बादशहा होते. त्या काळच्या सिनेसंगीतात असे कितीतरी गोवेकर वादक होते. पडद्यावर त्यातल्या बहुतेकांचं नाव कधी झळकलंच नाही. गाणी आपण आजही लग्नात वाजवतो. वाजवणारे कोण, हे सांगायला आपल्याकडे फिल शॅप किती?

माइक आता दुर्मीळ नाही. पुणे विद्यापीठाचा ‘विद्यावाणी’ रेडिओ आहे, गावोगावी कम्युनिटी रेडिओ आहेत, शिवाय खिशात मोबाइल आहेच. प्लेलिस्ट तुम्हाला पुढचं गाणं अचूक देईल. पण ‘थांब, यातला हा तुकडा ऐक, हा ज्यानं वाजवला ना, त्याची गोष्ट सांगतो’ असं म्हणायला माणूसच लागतो.

तुमच्या गल्लीत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे, तमाशात ढोलकी वाजवून थकलेले कोणी काका असतील. या रविवारी अर्धा तास काढा. मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा आणि विचारा, ‘काका, पहिल्यांदा कुठं वाजवलंत?’

मग गप्प बसा. आणि ऐका.