फ्लशची टाकी झिरपते तेव्हा

नवी मुंबईतल्या उलव्याला सिडको पाणी देते ते पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे. इतक्या लांबून आणलेले पाणी फ्लशच्या टाकीतून रात्रंदिवस झिरपून जावे, हे खरोखर वाईट.

आधी टाकीचे झाकण उघडावे. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी चढले असेल, तर फ्लोट खाली घ्यावा. पातळी ठीक असेल, तर टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून अर्धा तास फ्लश करू नये. कमोडमधले पाणी रंगले, की समजावे, तळाचे रबरी सील झिजले आहे किंवा त्यावर क्षार बसले आहेत. सील पुसून पाहावे, नाहीतर बदलावे.

शौचालयाची दुसरी तक्रार दुर्गंधीची; बंद फ्लॅटमध्ये तिचे कारण झिरपणारी टाकी नव्हे, बहुधा वेगळे. ॲलेक्झांडर कमिंगने 1775 मध्ये पेटंट घेतलेल्या, कमोडच्या वळणदार नळीत साचलेले पाणी गटारातला वायू अडवते. ते सुकले, तर बादलीभर पाणी ओतावे.